करोना हुशार झाला? नव्हे, 'ध'चा 'मा' झाला

पेशीपुराण :

शेजारच्या धाग्यावर (तोच, 'खोकला महिनाभर का टिकतो' वाला) काल कुणीतरी लिहिलं, "विषाणू आता हुशार झालाय, लशीला चकवायला शिकलाय." खाली सात जणांचं +१. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी जनुकक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर याच अक्षरांकडे बघायचं असतं, त्यामुळे 'शिकलाय' हा शब्द डोळ्यांत खुपतो.

सार्स-कोव्ह-२ (हाच तो करोनाचा विषाणू) म्हणजे जवळपास तीस हजार अक्षरांची आरएनएची, म्हणजे जनुकीय मजकुराची, एक पट्टी, तिच्याभोवती मेदाचं आवरण आणि आवरणावर काट्यांसारखी उभी असलेली स्पाइक प्रथिनं. संपलं. शिकायचं तर शिकायला काही जागा तरी हवी! पेशीत शिरायचं, तिच्याच मालमसाल्यातून आपल्या नकला काढून घ्यायच्या आणि बाहेर पडायचं, इतकाच कार्यक्रम. नकला काढताना चुका होतात. एका रुग्णाच्या अंगात ऐन भरात अब्जावधी विषाणूकण असतात, तेव्हा चुका किती होत असतील ते बघा.

आता 'ध'चा 'मा'. पत्रात 'धरावे' होतं, एक अक्षर बदललं आणि 'मारावे' झालं, ही आनंदीबाईंच्या नावावर खपणारी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. (इतिहासवाल्यांनी इथे भांडू नये, दाखल्यापुरती घेतलीय.) विषाणूतही अगदी असंच होतं. स्पाइक प्रथिन १२७३ अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्यातला ४८४ वा मणी मुळात ग्लुटामिक आम्लाचा, ऋणभार असलेला. जनुकात त्या जागी एक अक्षर बदललं की तिथे लायसिन येतं, आणि लायसिनवर असतो धनभार. जे प्रतिपिंड (अँटिबॉडी, विषाणूला पकडणारी आपली प्रथिनं) त्या ऋणभाराला चिकटायला घडले होते, ते आता तिथून ढकलले जातात. या बदलाला ई४८४के म्हणतात (आधीच्या मण्याचं अक्षर, जागा, नव्या मण्याचं अक्षर). २०२० च्या अखेरीच्या नमुन्यांत तो बीटा आणि गॅमा या दोन्ही प्रकारांत (व्हेरियंटमध्ये) सापडला, एक दक्षिण आफ्रिकेत, दुसरा ब्राझीलमध्ये. एकमेकांशी संबंध नाही, तरी चूक तीच.

पण आनंदीबाईंच्या आणि विषाणूच्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. तिथे अक्षर कुणीतरी ठरवून बदललं. इथे कुणी ठरवत नाही. आंधळेपणाने हजारो ठिकाणी चुका होतात, कित्येक नकला त्यामुळे मोडीत निघतात, बऱ्याच चुकांनी काहीच बिघडत नाही. एखादी अशी निघते की प्रतिपिंड तिला ओळखत नाहीत. ओळखीचे सगळे पकडले जातात, अनोळखी मागे उरतो आणि वाढतो. म्हणजे चाळणी आपण धरलीय, विषाणूने नव्हे. त्याला हुशार म्हणणं म्हणजे चाळणीतून पडलेल्या बारीक खड्याला चपळ म्हणण्यासारखं आहे.

शंका असतील तर विचारा. जमेल तसं लिहीन, उशीर झाला तर रागावू नका.


वाचनमात्र :

वाचतेय. चाळणीचं आवडलं.


कानामात्रा :

ताई, चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणून हा धागा सोडवत नाही. कुठेतरी वाचलं होतं की करोनाच्या विषाणूला स्वतःचा मुद्रितशोधक असतो. खरं आहे का? आणि असेल, तर तो आमच्यासारखाच डुलक्या काढतो की काय?


पेशीपुराण :

काका, खरं आहे. आणि तुमच्या धंद्यातला माणूस धाग्यावर आला याचा फारच आनंद झाला.

बहुतेक आरएनए विषाणूंकडे चुका तपासायची सोय नसते. फ्लूकडे नाही. करोना कुळातल्या विषाणूंचा जनुकसंच मात्र आरएनए विषाणूंच्या मानाने फार लांब आहे. तपासनीस नसता तर एवढ्या लांब मजकुरात इतक्या चुका साठल्या असत्या की दोन-चार पिढ्यांत मजकुराचा चोथा झाला असता. म्हणून त्यांच्याकडे एनएसपी-१४ नावाचं एक प्रथिन असतं. चुकीचं अक्षर बसलं की ते कापून काढतं आणि नक्कल तिथून पुन्हा चालू होते. त्यामुळे एका नकलेमागे होणाऱ्या चुका फ्लूपेक्षा कमी. जगभर फिरताना पूर्ण तीस हजार अक्षरांत महिन्याला साधारण दोन बदल टिकतात, असं महामारीच्या पहिल्या वर्षातच दिसलं होतं.

मग तपासनीस असून एवढे प्रकार कुठून आले? नकलांच्या संख्येतून. तुम्ही कितीही डोळ्यांत तेल घालून वाचा, आवृत्त्याच कोट्यवधी निघाल्या तर काय करणार?


कानामात्रा :

बरोबर. अजून एक सांगतो, उपयोगी पडलं तर बघा. चुकलेलं अक्षर आम्हाला दिसतं. 'पाणी'चं 'पानी' झालं की डोळा अडतो. पण जुळाऱ्याकडून एखादी ओळच गळली आणि मागच्यापुढच्या ओळी अर्थाने जुळून गेल्या, तर ती चूक भल्याभल्यांच्या नजरेतून निसटते. जे कागदावर नाहीच ते दिसणार कसं? मूळ प्रत शेजारी ठेवून वाचलं तरच कळतं.


पेशीपुराण :

काका, तुम्ही न कळत एका खऱ्या संशोधनाचा मुद्दा सांगितलात!

एनएसपी-१४ चुकीचं बसलेलं अक्षर काढू शकतं, पण गळालेली अक्षरं परत घालू शकत नाही. २०२१ च्या सुरुवातीला हे प्रसिद्ध झालं. स्पाइकच्या टोकाकडच्या भागात काही ठराविक जागी अक्षरं पुन्हा पुन्हा गळताना दिसत होती, वेगवेगळ्या रुग्णांत, वेगवेगळ्या देशांत. आणि त्या जागा नेमक्या अशा, जिथे प्रतिपिंड येऊन चिकटतात. १४४ वा मणी गळाला की त्या भागातला एक वळसा आत ओढला जातो आणि कित्येक प्रतिपिंडांचा धरायचा आधारच जातो.

अल्फा प्रकारात ६९ आणि ७० हे दोन मणी गळालेले होते. याचा एक गमतीशीर फायदा झाला. पीसीआर चाचणीच्या काही संचांत विषाणूचे तीन तुकडे शोधतात, त्यातला स्पाइकचा तुकडा नेमका या जागेवर बेतलेला होता. अल्फा आला की दोन तुकडे सापडायचे, तिसरा नाही. मग पूर्ण जनुकक्रम न वाचताही इंग्लंडमध्ये तो किती वेगाने पसरतोय हे चाचणीच्या निकालांवरूनच मोजता आलं. पुढे ओमायक्रॉनच्या पहिल्या लाटेतही हीच खूण उपयोगी पडली.


शंकासुर :

लेख चांगला आहे, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. चाळणी आपण धरली म्हणता, म्हणजे लशीनेच व्हेरियंट तयार केले ना? लस नसती तर चाळणी नसती, चाळणी नसती तर व्हेरियंट नसते. साधा हिशोब.


अर्धीपणती :

आला का शंकासुर. आता धागा दोनशेपर्यंत जाणार.


पेशीपुराण :

शंकासुर, तुमच्या म्हणण्यातलं निम्मं बरोबर आहे, म्हणून नीट लिहिते.

आधी तारखा बघा. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा या चौघांचेही सर्वांत जुने नमुने २०२० सालातले आहेत. अल्फा इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये, डेल्टा भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये. मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झालं डिसेंबर २०२० मध्ये. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढा नियम तरी पाळूया.

आणि हे चौघे आले तेव्हा बहुतेकांच्या अंगात करोनाविरुद्ध प्रतिकारशक्तीच नव्हती, त्यामुळे लपायची गरजही फारशी नव्हती. तेव्हाची शर्यत वेगळी होती. जो जास्त लवकर पसरेल तो पुढे. २०२० च्या पूर्वार्धात जगभर पसरलेला डी६१४जी हा बदल त्याच शर्यतीतला. अल्फातला एन५०१वाय स्पाइकला आपल्या पेशींवरच्या एसीई-२ ग्राहीला, म्हणजे पेशीत शिरायच्या दाराला, जास्त घट्ट धरायला लावतो. डेल्टातला पी६८१आर स्पाइकचे दोन भाग कापले जाण्याची क्रिया सोपी करतो, म्हणजे पेशीत शिरणं सोपं. गंमत म्हणजे याच खटाटोपात डेल्टाकडे एल४५२आर होता, तो थोडासा लपायलाही मदत करतो.

तुमचं बरोबर असलेलं निम्मं असं : २०२१ च्या अखेरपर्यंत जगातल्या बहुतेक लोकांना लस तरी मिळाली होती किंवा रोग तरी होऊन गेला होता, अनेकांना दोन्ही. मग शर्यत बदलली, लपणारा पुढे जाऊ लागला. ओमायक्रॉन आणि त्याची पिलावळ निवडली गेली ती प्रतिकारशक्तीमुळेच, यात वाद नाही. फक्त चाळणी लशीची की रोगाची, याचं विषाणूला सोयरसुतक नाही. लस नसती तरी लोकांना रोग झालाच असता, चाळणी तशीही लागली असती, फक्त मधल्या काळात माणसं जास्त गेली असती. शिवाय प्रत्येक लागण म्हणजे काकांच्या भाषेत नवी आवृत्ती. जास्त लागणी, जास्त चुका.


रात्रपाळी :

मी रुग्णालयात काम करतो. दोन गोष्टींची भर घालतो.

एक. लपणं म्हणजे काय ते आम्ही औषधांच्या कपाटात पाहिलं. प्रयोगशाळेत बनवलेले एकाच साच्याचे प्रतिपिंड औषध म्हणून देत असत. हे प्रतिपिंड स्पाइकवरच्या एकाच जागेला धरतात. ती जागा बदलली की औषध बाद. बॅमलॅनिविमॅब एकट्याने द्यायची अमेरिकेतली परवानगी एप्रिल २०२१ मध्येच काढून घेतली. सोट्रोविमॅबचा मूळ प्रतिपिंड तर २००३ च्या सार्समधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून मिळाला होता. दोन वेगळ्या विषाणूंत टिकून राहिलेली जागा तो धरतो म्हणून त्याच्यावर भिस्त होती, त्याला ओमायक्रॉनच्या बीए.२ या उपप्रकाराने थकवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेबटेलोविमॅब गेलं, जानेवारी २०२३ मध्ये एव्हुशेल्ड. पॅक्सलोव्हिड हे गोळ्यांचं औषध मात्र चालत राहिलं, कारण ते स्पाइकच्या वाटेलाच जात नाही, विषाणूच्या आतल्या, प्रथिनं कापणाऱ्या कात्रीला अडवतं.

दोन. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खचलेली असते, त्यांच्या अंगात विषाणू कित्येक महिने राहू शकतो. पूर्ण नष्ट होण्याइतका मार त्याला बसत नाही आणि अजिबात मार बसत नाही असंही नसतं. मार खात खात महिनोन् महिने नकला निघत राहतात. ताई, यावर तुम्ही लिहा.


पेशीपुराण :

रात्रपाळी, आभार. मला हाच धागा पकडायचा होता.

एरवी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना अगदी मोजकेच विषाणूकण पुढची लागण घडवतात. पहिल्याच्या अंगात शंभर नवे नमुने तयार झाले असले तरी बहुतेक तिथेच संपतात. चार-पाच दिवसांत पुढे उडी मारायची तर लपण्यात पटाईत व्हायला वेळच मिळत नाही. महिनोन् महिने एकाच अंगात मुक्काम असेल तर मात्र बदलावर बदल साठत जातात. ओमायक्रॉन नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नमुन्यांत सापडला तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल होते, आणि मधल्या पायऱ्या कुणालाच कुठे दिसल्या नव्हत्या. तो डेल्टाचा वंशजही नाही, वेगळ्याच जुन्या फांदीवरून आला. अशा उडीमागे एखादी लांबलेली लागण असावी, हा सर्वांत जास्त मानला जाणारा अंदाज. ऑगस्ट २०२३ मध्ये बीए.२.८६ असाच आला, आपल्या पूर्वजापासून पुन्हा तीसेक बदलांची उडी मारून.

पण इतके बदल एकदम झाले तरी स्पाइक चालतो कसा? माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत रंजक भाग हाच.

एसीई-२ ला धरणारा स्पाइकचा भाग म्हणजे आरबीडी. बहुतेक प्रभावी प्रतिपिंड तिथेच येऊन बसतात. विषाणूची अडचण अशी की जी जागा लपवायची तीच जागा पेशीचं दार धरायला लागते. फार बदलली तर प्रतिपिंड ओळखणार नाहीत हे खरं, पण दारही उघडणार नाही. के४१७एन हा बदल असाच, लपायला मदत करतो पण पकड सैल करतो. ओमायक्रॉनमध्ये असे पकड सैल करणारे बरेच बदल आहेत. मग त्याचं भागलं कसं? एन५०१वाय आणि क्यू४९८आर या जोडीमुळे. हे दोन बदल एकत्र आले की पकड एवढी घट्ट होते की बाकीच्यांनी केलेला तोटा भरून निघतो आणि वर उरतो. म्हणजे आधी गाठीला पुंजी जमली, मग लपण्यावर उधळपट्टी परवडली. एकेक बदल सुटा तपासला असता तर यातले कित्येक टाकाऊच वाटले असते.

पुढे एक्सबीबी.१.५ या ओमायक्रॉनच्याच वंशजात पुन्हा तेच झालं. त्याच्या पूर्वजात ४८६ व्या जागी झालेला बदल लपवणारा पण पकड ढिली करणारा होता. एक्सबीबी.१.५ मध्ये तिथे प्रोलिन आलं, लपणं शाबूत राहिलं आणि पकडही परत मिळाली. २०२३ च्या सुरुवातीला तो सगळ्यांच्या पुढे गेला तो त्यामुळे. बीए.२.८६ च्या स्पाइकमध्ये एकच एल४५५एस मिळवला की झाला जेएन.१ चा स्पाइक. जेएन.१ ने पकडीचा थोडा तोटा सोसून लपणं वाढवलं, आणि काही महिन्यांत जगभर तोच.


झुळूक२१ :

एक्सबीबी.१.५, बीए.२.८६, जेएन.१... ही नावं आहेत की वायफायचे पासवर्ड? ग्रीक अक्षरं बरी होती की.


पेशीपुराण :

हाहा. ग्रीक नावं जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ ला सुरू केली, देशांच्या नावाने प्रकार ओळखले जाऊ नयेत म्हणून. मध्ये न्यू आणि शी ही अक्षरं गाळली. ओमायक्रॉननंतर नवं अक्षर दिलेलं नाही, कारण पुढचे सगळे त्याचीच नातवंडं-पतवंडं. पासवर्डवाली नावं वंशावळीची असतात. आमच्या कामाला तीच लागतात, पण घरी सांगताना माझीही बोबडी वळते.

एक्सने सुरू होणारी नावं मात्र लक्षात ठेवा, ती संकरित असतात. एकाच पेशीत दोन प्रकार शिरले तर नक्कल काढणारं यंत्र एकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतं. अर्धा मजकूर याचा, अर्धा त्याचा. एक्सबीबी हा बीए.२ च्या दोन वेगळ्या वंशजांचा असा संकर आहे.


कानामात्रा :

म्हणजे बाइंडरने दोन पुस्तकांचे फर्मे एकत्र बांधले. पाहिलंय असं. नायक सोळाव्या पानावर मेला, सतराव्यावर त्याचं लग्न.

ताई, वर तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'प्रतिपिंड' पुल्लिंगी वापरलाय. कोशात नपुंसकलिंगी मिळेल. सवय जात नाही, माफ करा.


पेशीपुराण :

काका, आमच्या प्रयोगशाळेत सगळे 'तो प्रतिपिंड'च म्हणतात. हे बोलीतलं म्युटेशन समजा, टिकलंय एवढं खरं.


दहाची_शिदोरी :

मला एक कळत नाही. गोवराचा विषाणूही आरएनएचाच ना? त्याच्याकडे तर मुद्रितशोधकही नाही. मग लहानपणी टोचलेली गोवराची लस जन्मभर पुरते आणि करोनाची वर्षभर नाही, हे कसं?


पेशीपुराण :

या धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रश्न. गोवराच्या लशीत वापरला जाणारा एडमन्स्टन वाण १९५४ मध्ये वेगळा केलेल्या विषाणूपासून आलाय. लस १९६३ पासून वापरात आहे आणि आजच्या गोवरालाही ती अडवते.

कारणं दोन, आणि दुसरं लोकांच्या लक्षात येत नाही.

पहिलं, गोवराची पृष्ठभागावरची प्रथिनं फार हट्टी आहेत. त्यांत बदल झाला की विषाणूच लंगडा होतो. चुका होतात भरपूर, टिकत नाहीत. करोनाचा स्पाइक त्या मानाने फार लवचिक निघाला. आरबीडीतल्या जवळजवळ प्रत्येक मण्याच्या जागी दुसरा प्रत्येक शक्य मणी घालून काय होतं, हे सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात २०२० मध्येच तपासलं गेलं. कितीतरी बदल पकडीला फारसा धक्का न लावता खपून जातात असं दिसलं. जागा जवळच्या जवळ बदलायला भरपूर वाव आहे म्हणायचा.

दुसरं कारण घड्याळाचं. गोवर अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दहा ते चौदा दिवस जातात. मधल्या काळात त्याला रक्तातून अंगभर फिरावं लागतं आणि मगच तो दुसऱ्याकडे जाण्याजोगा होतो. तेवढ्यात आपल्या स्मृतिपेशी (जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) जाग्या होतात, प्रतिपिंडांची फौज रक्तात उतरते. करोनाला रक्तात जायची गरजच नाही. नाकात शिरला, नाकात वाढला, नाकातून दुसऱ्याकडे गेला. मूळ प्रकारात लक्षणं यायला पाचेक दिवस लागत, ओमायक्रॉनला तीनेक. स्मृतिपेशींना तयार व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. ते तयार होईतो पाहुणा पुढच्या घरी गेलेला असतो.

म्हणून लागण टाळायची असेल तर प्रतिपिंड आधीच हजर हवेत, तेही नाकाच्या अस्तरावर. दंडात टोचलेली लस रक्तात चांगले प्रतिपिंड तयार करते, नाकाच्या अस्तरावरचे आयजीए जातीचे प्रतिपिंड फारसे नाही. आणि रक्तातले प्रतिपिंडही काही महिन्यांत उतरतात. उतरणारच. प्रत्येक जुन्या लागणीचे प्रतिपिंड कायम भरलेले राहिले असते तर रक्ताचा पाक झाला असता.

थोडक्यात, दर वेळी 'व्हेरियंटने लस हरवली' म्हणतो तेव्हा त्यातला काही भाग व्हेरियंटचा असतो, काही नुसता कॅलेंडरचा.


शंकासुर :

मला तीन डोस घेऊन दोनदा झाला. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे प्रतिपिंड उतरले, उरलेले चकले. मग हाती राहिलं काय? धुपाटणं?


रात्रपाळी :

दोन्ही वेळा घरीच बरे झालात ना?


शंकासुर :

हो. दुसऱ्यांदा दोन दिवस ताप. पण मुद्दा तो नाही.


रात्रपाळी :

मुद्दा नेमका तोच आहे.


पेशीपुराण :

रात्रपाळींनी दोन ओळींत उरकलं, मी जरा पसरून सांगते.

प्रतिपिंड विषाणूला पेशीबाहेर पकडतात, त्यासाठी स्पाइकचा बाहेरचा आकार ओळखावा लागतो. टी-पेशींचं तसं नाही. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते, आठ-दहा मण्यांचे, आणि ते आपल्या पृष्ठभागावर टांगते. टी-पेशी ते तुकडे वाचतात आणि बिघडलेली पेशी मारून टाकतात. आता गंमत बघा. हे तुकडे स्पाइकच्या बाहेरच्या भागातलेच असतात असं नाही, आत दडलेल्या भागातलेही असतात. रोग होऊन गेला असेल तर विषाणूच्या इतर प्रथिनांतलेही. एका माणसाच्या टी-पेशी असे पुष्कळ तुकडे ओळखतात. विषाणूने त्यातले चार बदलले तरी बाकीचे तसेच राहतात.

आणि मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट : कोणते तुकडे टांगले जातील हे प्रत्येकाच्या एचएलए जनुकांवर ठरतं आणि ती माणसागणिक वेगळी. माझ्या टी-पेशींना चुकवणारा बदल विषाणूने चुकून मिळवला, तरी तुमच्याकडे आल्यावर तो बदल निरुपयोगी. तुमच्या पेशी भलतेच तुकडे टांगून बसलेल्या. प्रतिपिंडांच्या बाबतीत मात्र सगळे साधारण त्याच जागा धरतो, म्हणून ४८४ बदलला की एकदम खूप जणांना चकवता येतं. ओमायक्रॉनपुढे प्रतिपिंडांचा जोर फार घटला, टी-पेशींचा बहुतांशी टिकला, हे यामुळे.

टी-पेशी लागण थांबवत नाहीत. ती फुप्फुसात खोल उतरण्याआधी आवरतात. तुमचा दोन दिवसांचा ताप म्हणजे ती कुमक येईपर्यंतचे दोन दिवस.


अर्धीपणती :

पहिल्या लशीचा ठसा बसतो आणि पुढच्या प्रकारावर शरीर जुनाच उतारा काढतं, असं ऐकलं. मग नव्या प्रकारावर बेतलेली लस घेऊन उपयोग काय?


पेशीपुराण :

ठसा बसतो, खरं आहे. फ्लूच्या बाबतीत थॉमस फ्रान्सिस या संशोधकांनी १९६० मध्ये त्याला मूळ पापाची उपमा दिली होती. शब्द फार जड आहे, 'पहिला ठसा' पुरे. नवा प्रकार आला की आधी जुन्या स्मृतिपेशीच धावतात, नव्यांना संधी कमी मिळते. २०२२ च्या लशीत मूळ प्रकार आणि ओमायक्रॉन दोन्ही होते. २०२३ मध्ये मूळ प्रकार काढून फक्त एक्सबीबी.१.५ ठेवला, त्यामागे हाही विचार होता. २०२४ च्या लशी जेएन.१ कुळावर बेतल्या.

पण ठसा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. लस किंवा लागण झाल्यावर आपल्या लसीकाग्रंथींमध्ये बी-पेशी (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी) महिनोन् महिने एक उद्योग करत असतात. त्या आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकात स्वतःहून चुका करतात, शरीरातल्या नेहमीच्या चुकांपेक्षा सुमारे दहा लाख पट जास्त वेगाने. मग त्यातल्या ज्या बी-पेशी विषाणूचा तुकडा जास्त घट्ट धरतात त्या ठेवल्या जातात, बाकीच्या मरतात. आंधळी चूक आणि मग चाळणी, तोच खेळ, पण आपल्या बाजूने. त्यामुळे लशीनंतर सहा महिन्यांनी प्रतिपिंड संख्येने कमी असतात, तरी स्मृतिपेशींकडचे नमुने सुरुवातीपेक्षा जास्त घट्ट आणि जास्त प्रकार ओळखणारे झालेले असतात. कधीच न पाहिलेल्या प्रकारालाही त्यातले काही धरतात.


कानामात्रा :

म्हणजे 'मा'ला उत्तर म्हणून आपणही शंभर अक्षरं खरडून बघतो. हे माहीत नव्हतं. या वयात माझ्या चुकांकडे जरा आदराने बघेन.


वाचनमात्र :

मग याचा शेवट कुठे? फिरत फिरत विषाणूची लपायची जागा संपेल की नाही?


पेशीपुराण :

संपेल असं दिसत नाही. साधी सर्दी करणारा २२९ई नावाचा करोना आपल्यात फार वर्षांपासून आहे. १९८० च्या दशकात साठवलेल्या रक्तातले प्रतिपिंड त्या काळातल्या २२९ई ला अडवतात, पण नंतरच्या दशकांतल्या २२९ई पुढे त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे तोही सरकत राहिलाय, आपणही त्याच्या मागे सरकतोय, आणि दर काही वर्षांनी पुन्हा सर्दी होते.


शंकासुर :

शेवटचं विचारतो. विषाणू काळाबरोबर मवाळ होत जातो हे तरी खरं ना? यजमान मेला तर विषाणूही मरतो, म्हणून.


पेशीपुराण :

तसा नियम नाही. अल्फा मूळ प्रकारापेक्षा मवाळ नव्हता आणि डेल्टा अल्फापेक्षाही नाही. करोनाची लागण दुसऱ्याला होते ती पहिल्या काही दिवसांत, माणूस अत्यवस्थ होतो दुसऱ्या आठवड्यात. तोवर विषाणूचं काम झालेलं असतं, त्यामुळे यजमान पुढे जगला की गेला याचा निवडीवर फारसा परिणाम होत नाही. ओमायक्रॉन सौम्य वाटला त्याचं एक कारण तो पेशीत वेगळ्या वाटेने शिरणं पसंत करतो आणि फुप्फुसाच्या पेशींत कमी वाढतो. दुसरं कारण, तो आला तेव्हा समोर टी-पेशी तयार होत्या. पहिलं कारण योगायोगाचं. पुढच्या प्रकारात ते उलटणारच नाही असं कुठे लिहिलेलं नाही.


शंकासुर :

बरं. 'विषाणू मवाळच होत जाणार, हा निसर्गनियम आहे' असं खोकल्याच्या धाग्यावर मीच लिहिलंय. ठळक अक्षरांत. आत्ता बदलायला गेलो तर संपादनाची मुदत संपली म्हणतंय.


अर्धीपणती :

'हुशार झालाय' पण तूच लिहिलं होतंस ना?


शंकासुर :

ते नाही. त्याला फक्त +१ दिलं होतं.